दोन बिंदूंची बेरीज किती?

ऑटोकॅड या संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या बहुतेकांच्या टेबलावर कीबोर्डच्या शेजारी खिशातला कॅल्क्युलेटर असतो. समोर लाखभर रुपयांचं यंत्र, सेकंदाला अब्जावधी आकडेमोडी करणारं, आणि माणूस त्याला सांगतो, "थांब जरा, भागाकार करून येतो." मीही बरीच वर्षं हेच केलं. शिकवणाऱ्यांनी रेषा शिकवल्या, लेयर शिकवले, प्लॉटिंग शिकवलं. आत एक कॅल्क्युलेटर आहे, हे कोणी सांगितलं नाही.

मला तो सापडला एका जिन्यामुळे. मजल्याची उंची दहा फूट, म्हणजे ३०४८ मिलिमीटर. रायझर, म्हणजे पायऱ्यांच्या उभ्या बाजू, १९. भागाकार १६०.४२१०५२६... असा लांबत जातो. मी शहाण्यासारखा १६०.४२ लिहून घेतला आणि पायऱ्या काढत वर गेलो. एकोणिसावी पायरी ३०४७.९८ ला थांबली. स्लॅबच्या रेषेला ०.०२ मिलिमीटर कमी. ही फट माणसाच्या केसाहूनही बारीक. साइटवर गवंडी प्लास्टरमध्ये याच्या शेकडो पट फरक सहज पचवतो आणि त्याबद्दल कोणी बोलतही नाही. पण सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये, हॅच (बंद जागेत भरायच्या तिरप्या रेषा) भरायला गेलो तर हॅच भरेना. सीमा बंद नाही, असं ऑटोकॅडचं म्हणणं. त्याच्या दृष्टीने दोन टोकं एक तर जुळतात किंवा जुळत नाहीत. किती फट चालवून घ्यायची हे सांगायची सोय आहे, पण मुळात ती शून्यावर ठेवलेली असते. ती फट शोधण्यात माझी अर्धी दुपार गेली.

चूक भागाकारात नव्हती. आकडा एका यंत्राच्या पडद्यावरून माझ्या डोळ्यांत, डोळ्यांतून बोटांत आणि बोटांतून दुसऱ्या यंत्रात गेला, त्या प्रवासात तो झिजला. ऑटोकॅड आतमध्ये प्रत्येक आकडा ६४ बिटांत ठेवतं, म्हणजे साधारण पंधरा-सोळा अर्थपूर्ण अंक. मी त्यातले पाच दिले. ५००० ची तीन खणांत विभागणी करून १६६६.६७ तीनदा टाइप केलं तर ५०००.०१ होतात. असला शंभरावा भाग ड्रॉइंगमध्ये कुठेतरी दडून बसतो आणि महिनाभराने डायमेन्शनमध्ये उगवतो.

तर, आतला कॅल्क्युलेटर. खरं तर दोन आहेत. एक दिसतो: कंट्रोल आणि ८ दाबलं की क्विककॅल्क नावाची खिडकी उघडते, बटणं-बिटणं असलेली. ती २००६ च्या आवृत्तीत आली. दुसरा तिच्याहून जुना, त्याला तोंडावळाच नाही. कमांड लाइनवर, म्हणजे हुकूम टाइप करायच्या ओळीवर, ‘कॅल’ टाइप करायचं, एवढंच. त्याची खरी गंमत त्याच्या आधी लावायच्या एकेरी अवतरण चिन्हात आहे. ते लावलं की चालू कमांड न मोडता कॅल मध्येच येतो, उत्तर काढतो, ते मूळ कमांडच्या हातात देतो आणि निघून जातो. रेषा काढताना लांबी विचारली गेली, तिथेच ३०४८/१९ दिलं, रेषा पुढे सुरू. आकडा माझ्या बोटांतून गेलाच नाही. (नुसता पूर्णांकांचा साधा अपूर्णांक कमांड लाइन कॅलशिवायही झेलते. कंसातलं मोठं गणित मात्र कॅललाच द्यावं लागतं.)

इथपर्यंत ही सोय झाली. पुढे जे आहे ते मला अजूनही थोडं जादूसारखं वाटतं, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

समजा एका प्लेटवर दोन भोकं आहेत आणि त्यांच्या बरोब्बर मध्ये तिसरं पाडायचं आहे. नेहमीची रीत अशी: दोन्ही केंद्रं जोडणारी रेषा काढा, तिच्या मिडपॉइंटवर वर्तुळ ठेवा, मग रेषा पुसा. पुसायला विसरलात तर ती कटिंगवाल्याकडे जाते. कॅलला मात्र सर्कल कमांडच्या मध्येच असं सांगता येतं: (सेन+सेन)/२. ‘सेन’ म्हणजे वर्तुळाचं केंद्र पकडणारा तोच आपला ओस्नॅप (नेमका बिंदू पकडून देणारी सोय). तो एक वर्तुळ विचारतो, मग दुसरं विचारतो, आणि तिसऱ्याचं केंद्र बसवून मोकळा होतो. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य हवा? (एंड+एंड+एंड)/३. ‘एंड’ म्हणजे रेषेचं टोक पकडणारा ओस्नॅप. तीन कोपरे दाखवा, झालं.

इथे बेरीज कशाची झाली? आकड्यांची नाही, जागांची. खिशातल्या कॅल्क्युलेटरला हे जन्मात जमणार नाही, कारण त्याला जागा माहीतच नाही. पण जागांची बेरीज म्हणजे नक्की काय? दादर अधिक ठाणे किती, असं कोणी विचारलं तर आपण त्याच्याकडे काळजीने बघू.

करून बघू. एक बिंदू (२, ३), दुसरा (८, ७). आडव्यात आडवं, उभ्यात उभं मिळवलं की (१०, १०). निम्मे केले की (५, ५), आणि तो खरोखरच दोघांच्या मधोमध आहे. आता कागद तोच, बिंदू तेच, फक्त आरंभबिंदू दूर नेला. समजा त्यामुळे सगळ्या आकड्यांत १०० ची भर पडली. बिंदू झाले (१०२, १०३) आणि (१०८, १०७). त्यांची सरासरी (१०५, १०५). जुनं उत्तर अधिक १००, म्हणजे कागदावरची जागा तीच. पण नुसती बेरीज बघा: आधी (१०, १०) होती, आता (२१०, २१०). जागा तीच असती तर (११०, ११०) यायला हवी होती. बेरजेने दाखवलेली जागा घसरली, सरासरीची जागेवर राहिली.

पुण्याच्या सर्व्हे ड्रॉइंगवर हा खेळ करून बघण्यासारखा आहे. यूटीएम या नकाशावरची जागा मीटरमध्ये सांगायच्या पद्धतीत पुण्याचे आकडे पूर्वेकडे सुमारे ३ लाख ८० हजार मीटर आणि उत्तरेकडे सुमारे २० लाख ४८ हजार मीटर असे येतात, कारण उत्तरेचं अंतर विषुववृत्तापासून मोजलं जातं. एका प्लॉटच्या दोन कोपऱ्यांची सरासरी प्लॉटमध्येच पडते. दोनने भागायला विसरलात तर तो बिंदू हिमालय आणि काराकोरम ओलांडून शिंजियांगमध्ये, कुनलुन डोंगरांच्या आसपास जाऊन पडतो. झूम एक्स्टेंट्स केल्यावर, म्हणजे सगळं एकदम पडद्यावर आणल्यावर, अख्खं ड्रॉइंग एका ठिपक्याएवढं झालं की समजायचं, कोणीतरी असलं काहीतरी करून ठेवलंय.

यामागचा नियम १८२७ मध्ये ऑगस्ट फर्डिनांड मोबियस या जर्मन गणितज्ञाने मांडला. एका बाजूची पट्टी ज्याच्या नावाने ओळखली जाते तोच हा. त्याने बिंदूंना वजनं दिली. बिंदूंना गुणणाऱ्या अंकांची बेरीज १ आली, तर उत्तर ही खरी जागा, आरंभबिंदू कुठेही ठेवा. अर्धा अधिक अर्धा, एक. एक तृतीयांश तीनदा, एक. आणि बेरीज ० आली तर? एंड-एंड, म्हणजे अधिक एक आणि उणे एक. हे उत्तर जागा नसून सरक असते: इकडून तिकडे किती आणि कोणत्या दिशेने. तीही आरंभबिंदूवर अवलंबून नाही. म्हणून दादर अधिक ठाणे याला अर्थ नाही, पण ठाणे उणे दादर याला आहे. तो रोज लोकलने जाणाऱ्याला चांगला ठाऊक असतो.

वजनं सारखी नसली तरी चालतं. (२*एंड+एंड)/३ म्हटलं की पहिल्या टोकाकडून एक तृतीयांश अंतरावरचा बिंदू मिळतो. काठीच्या एका टोकाला दोन किलो आणि दुसऱ्याला एक किलो लटकवलं तर ती जिथे बोटावर तोलली जाईल, नेमका तो. जड बाजूच्या जवळ.

हे सगळं वापरताना एक-दोन ठेचा लागतात. स्पर्शिका पकडणाऱ्या ओस्नॅपने ‘टॅन’ हे नाव आधीच घेतलेलं असल्यामुळे त्रिकोणमितीतल्या टॅनला कॅलमध्ये ‘टँग’ म्हणावं लागतं. दुसरी ठेच मोठी. कॅल कोन अंशांत घेतो. पण त्याच ऑटोकॅडमध्ये १९८६ पासून असलेली ऑटोलिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा रेडियनमध्ये, म्हणजे कोनाच्या दुसऱ्या एककात, घेते. साइन ३० कॅलला विचारा, ०.५ येईल. ऑटोलिस्पला विचारा, उणे ०.९८८. दोघंही बरोबर आहेत. शिवाय ऑटोलिस्पमध्ये ७ भागिले २ बरोबर ३, कारण दोन पूर्णांक दिले की ती उत्तरही पूर्णांकच देते. एका घरात राहून दोन वेगळ्या चुली.

कॅलबद्दल माझी खरी तक्रार वेगळीच आहे. तो विसरतो. ३०४८/१९ दिल्यावर ड्रॉइंगमध्ये फक्त १६०.४२१०५२... उरतं. ते कुठून आलं, का आलं, याचा मागमूस नाही. आर्किटेक्टने मजला तीन इंचांनी वाढवला की जिना नव्याने. पॅरामेट्रिक म्हणवणारी सॉफ्टवेअर्स, उदाहरणार्थ फुकट मिळणारं फ्रीकॅड, मापाच्या चौकटीत सूत्र लिहू देतात आणि ते जपून ठेवतात. रायझरच्या चौकटीत ‘उंची भागिले १९’ लिहिलं की उंची बदलल्यावर सगळ्या पायऱ्या आपोआप सरकतात. नात्यांनी बांधलेलं चित्र ही कल्पना काही नवी नाही. इव्हान सदरलँड यांच्या १९६३ च्या स्केचपॅडमध्ये, म्हणजे ऑटोकॅडच्या जन्माआधी १९ वर्षं, दोन रेषा समांतर राहतील असं सांगता येत होतं. ऑटोकॅडमध्ये अशी बंधनं २०१० च्या आवृत्तीत आली. आपल्याकडे अजूनही अनेक ऑफिसांत ती कोणी उघडून बघत नाही, हा भाग वेगळा.

आता शेवटची गोष्ट, जी मी एका रिकाम्या संध्याकाळी शोधून काढली. कॅलला एकक बदलायला सांगितलं तर तो ‘अकॅड’ नावाची, ‘यूएनटी’ शेपटीची एक फाइल वाचतो. साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडते. मला वाटलं आत सरळ कोष्टक असेल. इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर वगैरे. तसं आहेही. पण मीटरपाशी आलो आणि थबकलो. तिथे लिहिलंय: -१, ०, १, ०, -१ आणि पुढे ४.१२१४८५६४०८ गुणिले दहाचा अकरावा घात.

पहिले पाच आकडे हे पाच भौतिक स्थिरांकांचे घात आहेत: प्रकाशाचा वेग, इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार, प्लांकचा स्थिरांक, बोल्ट्झमनचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचं वस्तुमान. म्हणजे प्लांकचा स्थिरांक वर. प्रकाशाचा वेग आणि इलेक्ट्रॉनचं वस्तुमान खाली. हा भागाकार केला की इलेक्ट्रॉनची कॉम्प्टन तरंगलांबी मिळते, २.४२६ गुणिले दहाचा उणे बारावा घात मीटर. आर्थर कॉम्प्टन यांना १९२७ मध्ये नोबेल मिळालं ते इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरणाऱ्या क्ष-किरणांच्या ज्या अभ्यासासाठी, त्यात भेटणारी ही लांबी. अशा सुमारे ४१,२१५ कोटी लांब्या एकापुढे एक ठेवल्या की एक मीटर. संडासाच्या दाराचं माप इंचातून मिलिमीटरमध्ये करणारी ही फाइल मीटर सांगताना इलेक्ट्रॉनपर्यंत जाते! २० मे २०१९ रोजी साऱ्या जगाने किलोग्रॅम, अँपिअर आणि केल्विन यांच्या व्याख्या प्लांकचा स्थिरांक, विद्युतभार आणि बोल्ट्झमनचा स्थिरांक यांना बांधल्या. पॅरिसजवळ जपलेला किलोचा धातूचा ठोकळा निवृत्त झाला. ही फाइल त्याच्या कितीतरी आधीपासून त्याच स्थिरांकांत बोलते आहे.

तर या फाइलमध्ये आपलं एककही घालता येतं. एका ओळीत तारका आणि नाव, खालच्या ओळीत बरोबरचं चिन्ह आणि किंमत. मी मूळ फाइलची प्रत काढून ठेवली आणि गुंठा घातला: १०८९ चौरस फूट, म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. मग हेक्टरचे गुंठे विचारले. उत्तर ९८.८४.

गावाकडे आम्ही शंभर धरतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं, आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि बोलताना आर म्हणजे गुंठाच असं समजून सगळे चालतात. पण गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. एका गुंठ्यात हा फरक साडेबारा चौरस फुटांहून थोडा जास्त, एखाद्या चटईएवढा. एक एकराचे ४० गुंठे कोणी ४० आर म्हणून मोजून दिले, तर घेणाऱ्याचे ५०४ चौरस फूट जातात, म्हणजे शहरातलं एक वन रूम किचन.