आदिवासी ओळख (कोर्टातली व्याख्या)

शिकार, मासेमारी, जमीन यांवर आदिवासींचा हक्क आहे हे बऱ्याच देशांत कायद्यानेच मान्य केलंय, पण समोर उभा असलेला माणूस आदिवासी आहे का हे ठरवायची वेळ आली की कोर्टाला व्याख्या लागते, आणि ती सगळीकडे सारखी नाही.

ऑस्ट्रेलियात आदिवासींच्या जमिनीच्या हक्कावरच्या 1992 च्या माबो निकालात तीन गोष्टी आल्या: वंश, स्वतः ती ओळख सांगणं आणि समाजाने आपलं मानणं. कॅनडातही साधारण हेच. तिथे पाउली बापलेकांनी 1993 मध्ये ऑन्टारिओत लायसन्स नसताना मूस (अवाढव्य हरीण) मारला, केस पार सुप्रीम कोर्टात गेली आणि 2003 ला ते मेटी म्हणून जिंकले. मेटी हा युरोपियन आणि आदिवासी लग्नसंबंधांतूनच उभा राहिलेला समाज, त्यामुळे रक्त किती टक्के हे कोर्टाने मोजलंच नाही.

पण त्याआधी 1996 मध्ये त्याच कोर्टात व्हॅन डर पीट या आदिवासी बाई हरल्या होत्या. त्यांनी विकायची परवानगी नसताना 10 सामन मासे 50 डॉलरला विकले होते. कोर्ट म्हणालं, गोरे यायच्या आधी मासे विकणं हा तुमच्या संस्कृतीचा गाभा होता हे सिद्ध होत नाही. म्हणजे पणजोबासारखं जगलास तरच तू त्याचा पणतू! संस्कृती गोठवून टाकल्याची टीका या निकालावर अजून होते.

आपल्याकडे मुळात राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशातली अनुसूचित जमातींची यादी, ती कोर्ट बदलू शकत नाही, हे हलबा कोष्टींच्या केसमध्ये (मिलिंद, 2000; हलबा जमात यादीत आहे, कोष्टी नाहीत) स्पष्ट झालं. वाद होतो तो अफिनिटी टेस्टवर, म्हणजे जमातीशी नाळ जुळते का ते बघायला देव कोणते, लग्नात काय करता, बोली येते का वगैरे. शहरात वाढलेल्या पोराला काय डोंबल सांगता येणार? 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की या एका टेस्टवर दावा उडवता येत नाही, 1950 पूर्वीच्या कागदपत्रांना जास्त वजन आहे.

अमेरिकेत सदस्य कोण हे टोळीच ठरवते. ऐकायला छान, पण सांता क्लारा प्वेब्लो या टोळीचा नियम होता की बाहेर लग्न केलेल्या पुरुषाची मुलं आपली, बाईची नाहीत, आणि 1978 ला कोर्टाने त्यात हात घातला नाही.

समाजाची मान्यता लागते म्हटलं की हे येतंच. ऑस्ट्रेलियात 2020 मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी ठरलं की माबोच्या व्याख्येत बसणारा माणूस नागरिक नसला तरी संविधानाच्या अर्थाने परका (एलियन) नाही. पण त्या केसमधल्या दोघांपैकी एकच त्या व्याख्येत बसतो यावर बहुमत झालं, दुसऱ्याबद्दल न्यायाधीशांचं एकमत झालं नाही.