संगणकीय ध्वनिविश्लेषण

मानवी बोलणे व प्राण्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून संगणकावर त्यांतील कंप्रता (सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या), तीव्रता व कालावधी मोजण्याची संशोधनपद्धती. ध्वनिविज्ञान व प्राणिवर्तनविज्ञान या दोन्ही शाखांचे मुख्य साधन एकच आहे : ध्वनिवर्णपट, म्हणजे आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर कंप्रता आणि छटेच्या गडदपणाने तीव्रता दर्शविणारा आलेख.

पद्धतीचा प्रारंभ कोठून धरावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. ध्वनिवर्णपट काढणारे यंत्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाले व त्याचे वर्णन १९४५-४६ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. १९५० नंतरच्या दशकात केंब्रिज येथे डब्ल्यू. एच. थॉर्प यांनी चॅफिंच पक्ष्याच्या गाण्याच्या अभ्यासासाठी ते वापरले. मात्र हे संगणकीय विश्लेषण नव्हे. ते व्यवहार्य झाले ते त्वरित फूर्ये रूपांतराच्या, म्हणजे ध्वनीतील घटक कंप्रता झटपट वेगळ्या काढण्याच्या, गणनरीतीमुळे. ती कूली व टूकी यांनी १९६५ मध्ये मांडली. याच रीतीचे मूळ गणितज्ञ गाउस यांच्या सुमारे १८०५ च्या टिपणात आढळते व म्हणून श्रेय त्यांना द्यावे, असेही एक मत आहे. परंतु ते टिपण १८६६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले आणि संगणकाच्या वापराशी त्याचा संबंध आला नाही, हे पाहता १९६५ हेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

आज्ञावली सलग ध्वनीचे छोटे, एकमेकांवर चढणारे तुकडे पाडून प्रत्येकाचा वर्णपट काढते. तुकड्याची लांबी, म्हणजेच गवाक्ष, निवडणे हा यातील कळीचा भाग होय. स्वरतंतू सेकंदाला १०० वेळा कंप पावत असतील, तर ५ मिलिसेकंदांच्या गवाक्षात प्रत्येक कंप वेगळी उभी रेघ म्हणून दिसतो. तोच आवाज ३० मिलिसेकंदांच्या गवाक्षातून पाहिल्यास उभ्या रेघा नाहीशा होऊन १००, २००, ३०० हर्ट्‌झवर आडव्या रेघा उमटतात. दोन्ही चित्रे खरी आहेत. पक्ष्याच्या जलद कंपित स्वरात मात्र या निवडीने फसगत होते : लांब गवाक्षात सुटे स्वर विरघळून अनेक समांतर पट्ट्यांचा एकच स्वर भासतो. गवाक्षाची लांबी न नोंदवता छापलेल्या आकृतीवरून म्हणूनच फारसे अनुमान काढता येत नाही.

भाषणाच्या अभ्यासात ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील बुर्स्मा व वेनिंक यांची प्राट ही आज्ञावली सर्वत्र प्रचलित आहे. ‘का’च्या आलेखात स्पर्शाची (मुखात हवा अडलेली असतानाची) शांतता, स्फोटाची बारीक रेघ व लगेच स्वराचे पट्टे दिसतात, ‘खा’मध्ये स्फोट व घोष (स्वरतंतूंचे कंपन) यांच्या दरम्यान महाप्राणाचा खरखरीत भाग लांबतो. लिस्कर व अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये मराठीसह अकरा भाषांत हेच अंतर मोजले, तेव्हा ‘ग’ आणि ‘घ’ यांतील भेद केवळ या मापाने सांगता येत नाही, असे दिसून आले.

प्राण्यांच्या आवाजांसाठी कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान केंद्राची रेव्हन ही आज्ञावली वापरतात. वटवाघळांचे बहुतेक आवाज २० किलोहर्ट्‌झच्या वर असल्याने ४४.१ किलोहर्ट्‌झ नमुनादराचे (सेकंदाला घेतलेल्या ध्वनिनमुन्यांच्या संख्येचे) नेहमीचे ध्वनिमुद्रण त्यांना पुरत नाही. नोंदता येणारी कमाल कंप्रता नमुनादराच्या निम्मी असते.