गॉयडर रेषा आणि तिच्या काठावरची गावं

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या शेतकऱ्यांना २०२४ हे वर्ष फार जड गेलं. राज्याच्या शेतीपट्ट्यातल्या अनेक भागांत नोंदी सुरू झाल्यापासूनचा नीचांकी पाऊस पडला. मेंढ्यांसाठी कडबा, गवत बाहेरच्या राज्यांतून ट्रक भरभरून आणावं लागलं. तिथे दुष्काळाचा विषय निघाला की ‘गॉयडर रेषा’ हे शब्द हटकून येतात. नकाशावरची ही रेषा दक्षिणेकडचा पिकांपुरत्या पावसाचा भाग आणि उत्तरेकडचा कोरडा प्रदेश वेगळा करते. ही रेषा ज्याने आखली त्याचंच नाव आज एका स्थानिक परिषदेला, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेला आहे, आणि रेषा त्या परिषदेच्या हद्दीतूनच जाते. म्हणून या भागाची शेती समजून घ्यायची तर दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागतं.

रीजनल काउन्सिल ऑफ गॉयडर ही परिषद १९९७ साली बर्रा बर्रा, यूडंडा, हॅलेट आणि रॉबर्ट्सटाउन या चार जुन्या परिषदा एकत्र करून झाली. कारभार बर्रा गावातून चालतो. हे गाव अ‍ॅडलेडच्या उत्तरेला साधारण १६० किलोमीटरवर आहे. क्षेत्र सुमारे ६,७०० चौरस किलोमीटर आणि माणसं जेमतेम चार हजारांच्या घरात. पश्चिमेकडच्या टेकड्या आणि खोऱ्यांत गहू, बार्ली, मेंढ्या. पूर्वेकडे सपाट, कोरडा प्रदेश, तिथे फक्त मेंढ्या. टेकड्यांनी ढग अडवले की पलीकडे पाऊस झपाट्याने कमी होतो. बर्राला वर्षाकाठी सव्वाचारशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तर पूर्वेला मरे नदीकाठच्या मॉर्गनला अडीचशेच्या आसपास. मध्ये अंतर किती, तर गाडीने तासाभराचं. हा पाऊस हिवाळ्यातला, म्हणजे त्यांच्याकडच्या मे ते ऑक्टोबरमधला. एप्रिलअखेर-मेमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की पेरणी, नोव्हेंबर-डिसेंबरात काढणी. पहिला पाऊस लांबला की सगळंच गणित बिघडतं.

ही मूळची नगाजुरी लोकांची भूमी. १८४०च्या दशकात मेंढपाळ आले, कळप पाणवठ्यांवर उतरले, रोग पसरले आणि काही दशकांत नगाजुरी समाज आपल्याच जमिनीवरून हुसकला गेला. पुढे जमिनीच्या वाटपाचे जितके कायदे झाले त्यांतल्या एकातही त्यांचा विचार नव्हता. या भागाचा इतिहास सांगताना बहुतेक जण थेट तांब्याच्या खाणीपासून सुरुवात करतात, ते मला पटत नाही.

तांबं मात्र मोठंच होतं. १८४५ मध्ये बर्राला मेंढपाळांना ते सापडलं. तेव्हाचा नियम असा की हवी ती जमीन मोजून घ्यायची तर २०,००० एकर एकदम घ्यायची आणि २०,००० पौंड रोख भरायचे. एवढी रोकड नव्या ब्रिटिश वसाहतीत कुणा एकाकडे नव्हती. अ‍ॅडलेडचे दुकानदार-व्यापारी एका बाजूला, भांडवलदार बडी मंडळी दुसऱ्या बाजूला, असे एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन गट पैशापुरते एकत्र आले आणि जमिनीचे उत्तर-दक्षिण दोन भाग केले. उत्तरेचा भाग दुकानदारांना मिळाला आणि खाण तिथेच निघाली. बड्या मंडळींच्या दक्षिण भागात तांबं नावापुरतं लागलं. ती जमीन शेवटी मेंढ्यांच्या चराईला गेली.

खाणीवर इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून कसबी खाणकामगार आले. घरं पुरेनात, म्हणून शेकडो कुटुंबांनी बर्राच्या ओढ्याच्या काठात, मातीच्या दरडीत खोदून घरं केली. १८५१च्या सुमारास तिथे सुमारे १,८०० माणसं राहत होती. दरडीच्या तोंडाशी दार, आत कोरलेल्या एक-दोन खोल्या, भिंतींना चुना, आणि धुराड्याचं तोंड थेट वरच्या जमिनीवर. पूर आला की ओढा सरळ घरात शिरायचा. त्यांतली दोन घरं अजून पाहायला मिळतात. १८७७ मध्ये खाण बंद पडली. पण तोवर, १८७० मध्ये, बर्रापर्यंत रेल्वे आली होती, आणि तिच्यामुळे गहू बंदरापर्यंत नेणं परवडू लागलं होतं. तांब्याचं गाव शेतीचं झालं ते असं.

आता गॉयडर. जॉर्ज गॉयडर १८६१ पासून वसाहतीचा सर्व्हेयर जनरल, म्हणजे जमीनमोजणीचा प्रमुख अधिकारी होता. १८६०च्या दशकाच्या मध्यात उत्तरेत भीषण दुष्काळ पडला, हजारो मेंढ्या मेल्या. सरकारी जमीन भाड्याने घेणाऱ्या मेंढपाळ-मालकांनी भाड्यात सूट मागितली. सूट कुणाला द्यायची हे ठरवायला दुष्काळ कुठपर्यंत पोचलाय हे आधी पाहायला हवं होतं. १८६५ च्या अखेरीस गॉयडर घोड्यावरून निघाला, सुमारे ३,२०० किलोमीटर फिरला आणि नकाशावर एक रेषा ओढून परत आला. त्याच्याकडे पर्जन्यमापकांच्या लांबलचक नोंदी नव्हत्या. त्याने जमीन आणि झुडपं वाचली. मॅली नावाची ठेंगणी निलगिरी कुठे संपते, खारवट रानात वाढणारं सॉल्टबुश कुठे सुरू होतं, हे तो पाहत गेला. आज तीच रेषा वर्षाला साधारण २५० ते ३०० मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यावर बसते. माझ्या मते ऑस्ट्रेलियातल्या सरकारी कामांत इतकं सचोटीचं काम क्वचितच झालं असेल.

ती रेषा मुळात मेंढपाळांच्या भाडेसवलतीसाठी होती, हे बऱ्याचदा विसरलं जातं. शेतीची सीमा ती नंतर झाली. १८६९ च्या स्ट्रँगवेज कायद्याने छोट्या शेतकऱ्याला उधारीवर जमीन घेता येऊ लागली आणि १८७२ च्या कायद्याने ही सोय रेषेच्या दक्षिणेला सगळीकडे लागू केली. नेमके त्याच सुमाराला सलग चांगले पाऊस झाले. रेषेपलीकडेही हिरवंगार दिसू लागलं. नांगर पुढे गेला की पाऊस त्याच्या मागोमाग जातो, असं लोक मनापासून मानू लागले. पुढाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं, गॉयडरची टिंगल झाली. त्याचा विरोध असतानाही १८७४ मध्ये सरकारने रेषेचं बंधन काढून टाकलं.

मग लोक उत्तरेला लोटले. पार वाळवंटाच्या तोंडाशी गावं आखली गेली. त्यातल्या एकाचं नाव फॅरिना ठेवलं, लॅटिनमध्ये पीठ, कारण तिथे गव्हाची कोठारं उभी राहणार होती. १८८० ते १८८२ या तीन वर्षांत पावसाने पाठ फिरवली. पिकं बुडाली, बियाणंही हाती लागलं नाही, हप्ते थकले. कुटुंबं दक्षिणेला परतली. बर्राच्या पूर्वेला आणि उत्तरेच्या टेरोवी गावाकडे जाताना त्यांची घरं आजही उघड्यावर उभी आहेत: जाड दगडी भिंती, शाबूत धुराडं, दारा-खिडक्यांच्या रिकाम्या चौकटी, पावसाचं पाणी साठवायची जमिनीतली टाकी. छपराचे पत्रे बहुतेक ठिकाणी नाहीत; पत्रा महाग होता, म्हणून तो काढून नेला गेला. या माणसांना हावरट म्हणणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं आहे. सरकारनेच जमीन मोजून, गावं आखून, उधार देऊन त्यांना तिथे बोलावलं होतं.

जे काठावर टिकले त्यांनी टिकण्याचे आपले मार्ग शोधले. मॅलीची झाडं तोडली तरी बुंधे जमिनीत राहतात आणि नांगराचा फाळ मोडतो. अडथळा आला की वर उचलला जाणारा फाळ १८७६ मध्ये याच वसाहतीत, यॉर्क द्वीपकल्पावर तयार झाला आणि मॅलीच्या रानात शेती शक्य झाली. यूडंडाकडे जर्मन ल्यूथरन कुटुंबं बरीच. त्यांच्या पूर्वेला सदरलंड्स भागात पीक हाती न आल्याने शेतकरी मॅलीचं सरपण तोडून विकत. व्यापाऱ्यांच्या मनमानीला कंटाळून त्यांनी १८९६ मध्ये यूडंडा फार्मर्स को-ऑपरेटिव्ह ही सहकारी संस्था काढली. पुढे तिची दुकानं राज्यातल्या कितीतरी गावांत निघाली. ज्या जमिनीने गहू दिला नाही तिथल्या माणसांनी हे उभं केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

टेरोवी हे रेल्वेचं गाव. इथे रुळांची रुंदी बदलायची, त्यामुळे माल आणि माणसं एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावी लागत. गाडी बदलताना दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनापती जनरल मॅकआर्थर यांनी २० मार्च १९४२ रोजी ‘मी परत येईन’ हे फिलिपिन्सबद्दलचं विधान केलं ते याच फलाटावर. आता तिथली रेल्वेही गेली.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या भागाला नवं उत्पन्न मिळालं आहे ते वाऱ्याचं. हॅलेटजवळच्या पवनचक्क्या २००८ पासून वीज देऊ लागल्या. बर्राच्या दक्षिणेला गॉयडर साउथ प्रकल्पात ७५ पवनचक्क्या असून क्षमता ४१२ मेगावॉट आहे. रॉबर्ट्सटाउनपासून न्यू साउथ वेल्समधल्या वॉगा वॉगापर्यंत जाणारी नवी उच्चदाब वाहिनीही याच हद्दीतून निघते. दुसरीकडे तापमानवाढीने गॉयडर रेषा दक्षिणेला सरकेल, असा इशारा शास्त्रज्ञ देत आहेत. तसं झालं तर यूडंडा आणि रॉबर्ट्सटाउनच्या आसपासची आज पिकणारी शेतं कोरड्या बाजूला जातील. पवनचक्कीचं भाडं पाऊस न पडलेल्या वर्षीही मिळतं, हा मोठा आधार आहे. पण पवनचक्क्या डोंगरधारेवरच उभ्या राहतात. ज्याच्या जमिनीत धार आहे त्याला भाडं मिळतं, आणि पूर्वेच्या सपाटीवर मेंढ्या पाळणाऱ्याला, जिथे पाऊस सगळ्यात कमी, तिथे ते मिळत नाही.