प्रेशर स्विच: दोन दाबांमधलं अंतर

वरच्या मजल्यावर शॉवरला धार येत नाही, म्हणून गच्चीत प्रेशर पंप बसवतात. नळ उघडला की पंप सुरू होतो, बंद केला की थोड्या वेळाने आपला आपण थांबतो. ही सगळी अक्कल पाइपावर बसवलेल्या एका छोट्या डबीत असते. तिचं नाव प्रेशर स्विच.

डबीच्या तळाशी रबराचा पडदा असतो. खालून पाइपातलं पाणी त्याला वर ढकलतं, वरून स्प्रिंग खाली दाबते. पडद्याचं क्षेत्रफळ 10 चौरस सेंटिमीटर धरलं, तर 2 बार दाबाला त्यावर सुमारे 20 किलो वजनाइतका जोर येतो. कॉन्टॅक्ट, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी धातूची टोकं, हलवायला तो भरपूर झाला. दाब ओळखणं, म्हणजे, सोपंच आहे.

अवघड पुढेच आहे. समजा स्विचला एकच दाब ठरवून दिला: 2 बारच्या खाली चालू, वर बंद. नळ अर्धवट उघडा असेल तर दाब त्या आकड्याच्या जरा खाली, जरा वर होत राहील आणि मोटर सारखी चालू-बंद होईल. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते, त्यामुळे वाइंडिंग तापून जळायला वेळ लागणार नाही. म्हणून दाब दोन ठेवतात. 1.4 बारला चालू आणि 2.8 बारला बंद, हे सेटिंग बरंच प्रचलित आहे. मेकॅनिक त्यांना कट-इन आणि कट-आउट म्हणतात. अनेक स्विचमध्ये दोन नट असतात: मोठ्या स्प्रिंगचा नट आवळला की दोन्ही दाब वाढतात, छोट्याचा आवळला की फक्त मधलं अंतर.

दुसरा प्रश्न ठिणगीचा. पडदा सावकाश सरकतो. कॉन्टॅक्टही तसेच सावकाश सुटले, तर केसाएवढ्या फटीत ठिणगी पेटून राहते. चांदीच्या मिश्रधातूची टोकं जळतात, कधी एकमेकांना चिकटून बसतात. मग दाब कितीही वाढला तरी पंप थांबत नाही. यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. केसांना लावायची टिकटिक पिन वाकवत नेली तर आधी काहीच होत नाही, आणि एका क्षणी ती टक्कन उलटते. स्विचमधली पत्तीही अशीच उलटते. पडदा कितीही हळू चालो, कॉन्टॅक्ट झटक्यात सुटतात. शिवाय पत्ती ज्या जागी उलटते त्याच जागी परत फिरत नाही, तिला बरंच मागे यावं लागतं. दोन दाबांमधलं अंतर तिथेच जन्माला येतं. एका युक्तीत दोन्ही प्रश्न सुटतात! अमेरिकेत फिलिप मॅकगॉल यांनी 1932 साली अशाच पत्तीचा छोटा स्विच शोधून काढला. तोच मायक्रोस्विच.

वॉशिंग मशीनमध्ये दाब अगदीच कमी असतो. टबात 20 सेंटिमीटर पाणी म्हणजे जेमतेम 0.02 बार. त्यामुळे तिथला पडदा बराच मोठा आणि मऊ असतो. पाणी त्याला शिवतही नाही. टबाच्या तळाशी जोडलेल्या नळीत हवा कोंडते, आणि तिचा दाब वर पोचतो.

घरचा पंप दर दोन-चार सेकंदांनी टकटक करू लागला, तर स्विच बदलायची घाई करू नका. पंपाला जोडलेल्या छोट्या प्रेशर टाकीतली (गच्चीवरची पाण्याची टाकी नव्हे) हवा निघून गेली असेल, तर दाब चढायला आणि उतरायला वेळच लागत नाही, आणि बिचारा स्विच त्यामागे धावत राहतो. वीज बंद करा, नळ उघडून पाणी काढून टाका आणि टाकीच्या व्हॉल्व्हला टायरचा गेज लावा. हवेचा दाब कट-इनपेक्षा किंचित कमी असायला हवा. तो फारच कमी दिसला, तर आधी हवा भरा.