तांदळाच्या दाण्याएवढी चिप त्वचेखाली गेल्यावर

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००४ मध्ये 'व्हेरिचिप' ही रुग्णाची ओळख पटवणारी चिप माणसाच्या दंडात बसवायला परवानगी दिली. काचेची बारीक नळी, आत सोळा आकडी क्रमांक. बॅटरी नाही, स्कॅनर जवळ आणला की त्याच्याच लहरींच्या ऊर्जेवर ती क्रमांक सांगते. परवानगीच्या पत्रातच धोके नोंदवले होते : ऊतींची प्रतिक्रिया, चिप जागेवरून सरकणं, एमआरआय तपासणीतली अडचण.

तीन वर्षांनी उंदरांवरच्या जुन्या प्रयोगांची चर्चा सुरू झाली आणि लोक हादरले. ओळख पटावी म्हणून चिप टोचलेल्या काही उंदरांना तिच्या शेजारीच कर्करोगाच्या गाठी आल्या होत्या. एका प्रयोगात १७७ पैकी १८ उंदरांना. आकडा भीतीदायक आहे, पण या उंदरांमध्ये गाठी रोखणाऱ्या पी-५३ जनुकाची एक प्रत मुद्दाम काढलेली होती, हे सांगितल्याशिवाय तो सांगू नये.

दोष रेडिओलहरींचाच असेल असंही नाही. उंदरांच्या त्वचेखाली प्लास्टिकची साधी गुळगुळीत चकती ठेवली तरी अशा गाठी होतात, हे विसाव्या शतकाच्या मध्यापासून माहीत आहे. परकी वस्तू बाहेर टाकता आली नाही, तर शरीर तिच्याभोवती तंतूंचं वेष्टण विणून तिला कोंडून टाकतं. तिथे वर्षानुवर्षं धुमसणारा दाह उंदरांमध्ये कर्करोगाकडे झुकतो. कुत्र्या-मांजरांना अशा चिपा लाखोंनी बसवल्या गेल्या. त्यांच्यात अशा गाठींच्या नोंदी मात्र अगदी मोजक्या आहेत.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. उंदराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. विशीत बसवलेली चिप माणसाच्या हातात पन्नास वर्षं राहू शकते. व्हेरिचिपची विक्री २०१० मध्ये थांबली, तरी पुढे स्वीडनमध्ये हजारो लोकांनी दार उघडण्यासाठी, रेल्वेच्या तिकिटासाठी हातात चिपा बसवून घेतल्या. रुग्णाची ओळख पटवण्यासाठी नव्हे, खिशातल्या कार्डाऐवजी!

जंतुसंसर्गाचा धोका सुई टोचतानाच असतो. निर्जंतुक साधनं आणि जाणता हात असेल तर तो बराच कमी होतो. हौसेखातर घरी टोचून घेणाऱ्यांच्या बाबतीत तो वाढतो. बसवायला एक जाड सुई पुरते. काढताना मात्र चिप सरकून कुठे गेली ते आधी शोधावं लागतं, जागा बधिर करून चीर द्यावी लागते, आणि शरीराने विणलेल्या वेष्टणातून ती काच न फुटता सोडवावी लागते.