घरी चालणारी लायब्ररी

सार्वजनिक लायब्ररी मुलांसाठी जे काही करते त्यातला बराच भाग लायब्ररीत होतच नाही, तो घरी होतो. कागद-काड्या-लोकर भरलेली पिशवी, वाचलेल्या पुस्तकांवर रंग भरायचा तक्ता, फोन लावून ऐकायची गोष्ट, पुस्तकं आणि खेळणी एकत्र घातलेली सॅक, हे सगळं लायब्ररी देते आणि पुढचं काम आई, बाबा, आजी, ताई जे कोण घरी असेल त्यांच्यावर सोपवून मोकळी होते. हा प्रकार सगळ्यात जास्त रुजलाय तो अमेरिकेत, म्हणून ही नोंद मुख्यतः तिथल्या लायब्रऱ्यांबद्दल आहे, मधेमधे ब्रिटन आणि शेवटी थोडं बडोदा-महाराष्ट्र.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या, नाहीतर यातलं बरंचसं नुसतं हस्तकलेचा तास वाटतं. हे उपक्रम दिसतात मुलांचे, पण ते आखलेले असतात मोठ्यांसाठी. लायब्ररीतली बाई तुमच्या पोराला आठवड्यातून फार तर अर्धा तास भेटणार, बाकीचा सगळा वेळ पोरगं तुमच्याकडे. त्या अर्ध्या तासात पोराला शिकवण्यापेक्षा तुम्हाला शिकवलं तर जास्त फायदा, असं साधं गणित आहे.

किट, सॅक आणि तक्ता

सध्या सगळ्यात लोकप्रिय प्रकार म्हणजे 'टेक अँड मेक' किट, म्हणजे घरी न्या आणि बनवा. एका कागदी पिशवीत कापून ठेवलेले रंगीत कागद, आइस्क्रीमच्या काड्या, लोकर, चिकटवायचे हलणारे डोळे, एक चित्रं काढलेली सूचना आणि सोबत त्याच विषयावरच्या तीन-चार पुस्तकांची नावं. कात्री आणि डिंक बहुतेक वेळा तुमचा तुम्ही. पिशवीवर वयोगट लिहिलेला असतो आणि तो मनावर घ्यावा, कारण तीन वर्षांखालचं मूल त्यातलं बारीकसारीक सामान सरळ तोंडात घालतं. एका मुलाला एक किट, संपली की संपली, आणि चांगल्या विषयाच्या किट पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत उडतात. हे कापाकापीचं काम करतं कोण तर बऱ्याच गावांत शाळेतली मोठी मुलं, ज्यांना शाळेसाठी समाजसेवेचे तास भरून दाखवायचे असतात, आणि बाकीचं लायब्ररीचा स्टाफ काउंटरवर बसल्या बसल्या करतो. माझ्या मते किटमधला सगळ्यात कामाचा कागद म्हणजे ती पुस्तकांची यादी, आणि नेमका तोच घरी पोचल्यावर आधी हरवतो.

सॅक हा त्याच्यापेक्षा टिकाऊ प्रकार. समजा विषय पक्षी, तर आत पक्ष्यांची पुस्तकं, एक छोटी दुर्बीण, हातात घालायची बाहुली, ओळखायची चित्रं, आणि हे सगळं पुस्तकासारखंच कार्डावर घरी न्यायचं नि परत करायचं. आत काय काय आहे त्याची यादी झाकणाला चिकटवलेली असते आणि परत आल्यावर स्टाफ एकेक वस्तू मोजतो, त्यामुळे ती द्यायच्या आदल्या रात्री आख्खं घर सोफ्याखाली हरवलेलं प्लास्टिकचं घुबड शोधत असतं.

तक्त्याचा सगळ्यात गाजलेला प्रकार 'बालवाडीआधी हजार पुस्तकं', इथे बालवाडी म्हणजे तिथलं किंडरगार्टन, साधारण पाचव्या वर्षीचं. आकडा ऐकून घाबरायला होतं पण हिशोब करून बघा, रोज रात्री एक पुस्तक म्हटलं तर वर्षाला ३६५ आणि तीन वर्षांत १०९५. शिवाय तेच पुस्तक पुन्हा वाचलं तरी मोजायचं, आणि दोन वर्षांच्या पोराला तेच एक पुस्तक चाळीस रात्री हवं असतं हे ज्याने मूल वाढवलंय त्याला सांगायला नको. दर शंभराला स्टिकर, हजार झाले की फोटो आणि भेट म्हणून एखादं पुस्तक. काही ठिकाणी आता ही मोजणी कागदाऐवजी ॲपवर करतात.

स्टोरीटाइम आणि त्यामागचं डोकं

लायब्ररीतला गोष्टींचा तास, ज्याला सगळेच स्टोरीटाइम म्हणतात, तो जुना आहे. आधी तो वाचता येणाऱ्या मुलांसाठी असायचा, १९३० च्या दशकात शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांसाठीही सुरू झाला, आणि तेव्हा बऱ्याच ठिकाणी आया बाहेर बसायच्या नि मुलं आत. आताचं चित्र उलटं आहे, आईबाबांनी मुलाला मांडीवर घेऊनच बसायचं आणि गाणंही म्हणायचं, मोबाइल बघत कोपऱ्यात बसलेला बाबा दिसला की बाई गोड हसून त्यालाच टाळ्या वाजवायला लावतात.

हा बदल पक्का झाला २००४ मध्ये, जेव्हा अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या दोन विभागांनी मिळून 'एव्हरी चाइल्ड रेडी टु रीड' नावाचा कार्यक्रम काढला. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळा भर पाच साध्या गोष्टींवर आणला: बोला, गा, वाचा, लिहा, खेळा. म्हणूनच स्टोरीटाइममध्ये बाई गोष्ट मधेच थांबवून मोठ्यांकडे बघून काहीतरी सांगतात, की गाण्यात शब्दाचे तुकडे पडतात म्हणून मुलाला त्यातले आवाज वेगळे ऐकू येतात, किंवा पान उलटायच्या आधी 'आता काय होईल' असं विचारून जरा थांबा, उत्तर नाही आलं तरी थांबा. हे वाक्य घरी न्यायचं असतं. गोष्ट तिथेच संपते.

याच कार्यक्रमातली अजून एक गोष्ट आपल्या लोकांना फारशी कुणी सांगत नाही. त्या पाचही गोष्टी घरच्या भाषेत करा, ज्या भाषेत तुम्ही भरभरून बोलू शकता त्या भाषेत करा, असं तिथले लायब्रेरियन स्वतः सांगतात. पोरगं मागे पडेल म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत गोष्ट सांगण्यापेक्षा 'अडगुलं मडगुलं' किंवा 'चिऊ चिऊ दार उघड' मनापासून म्हटलेलं चांगलं. गोष्ट कशी चालते, आधी काय नंतर काय, ही समज मुलाची एका भाषेत तयार झाली की दुसरीत कामी येते.

हे आलं कुठून

लायब्ररी मुलांची असते ही कल्पनाच मुळात नवीन आहे. बॉस्टनची सार्वजनिक लायब्ररी १८५४ मध्ये उघडली तेव्हा सोळा वर्षांखालच्या मुलांना तिथे प्रवेश नव्हता. १८८० आणि १८९० च्या दशकांत चित्र बदलायला लागलं, हार्टफर्डमध्ये कॅरोलाइन हेविन्स यांनी मुलांसाठी पुस्तकांच्या याद्या केल्या, क्लीव्हलँडमध्ये लिंडा ईस्टमन यांच्या पुढाकाराने मुलांची 'लायब्ररी लीग' म्हणजे मुलांचा वाचनसंघ निघाला, आणि शाळेला सुट्टी लागली की मुलांनी काय वाचावं याच्या यादीतून पुढे तो प्रसिद्ध उन्हाळी वाचन कार्यक्रम उभा राहिला. जून ते ऑगस्ट, वाचा, तक्ता भरा, बक्षीस घ्या. आज अमेरिकेतल्या बहुतेक गावांत तो असतोच.

त्याच्या समर्थनासाठी नेहमी सांगतात की सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात. १९७८ मध्ये बार्बरा हेन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंचं अटलांटामधल्या मुलांवरचं पुस्तक आलं, त्यात सुट्टीतल्या वाचनाचा आणि त्यातही सार्वजनिक लायब्ररी वापरण्याचा उन्हाळ्यातल्या प्रगतीशी चांगला संबंध दिसला होता. नंतर मात्र काही संशोधकांनी जुन्या चाचण्या पुन्हा तपासल्या आणि सुट्टीतली ही घसरण वाटते तेवढी मोठी आणि सगळीकडे सारखी आहे का यावर शंका घेतली, वाद अजून चालू आहे. बक्षिसांवरही वाद आहे, पिझ्झाच्या कुपनासाठी वाचणारं मूल कुपन संपलं की वाचतं का? काही लायब्रऱ्यांनी म्हणून बक्षीस म्हणून पुस्तकच द्यायला सुरुवात केली. पुस्तकांऐवजी मिनिटं मोजायची पद्धतही बऱ्याच ठिकाणी आली, कारण पुस्तकं मोजली की पोरं बारकी बारकी पुस्तकं उचलतात, हे काय सांगायला हवं.

पुस्तक थेट घरात पोचवायची चाल मात्र बऱ्याचदा लायब्ररीबाहेरून आली. १९८९ मध्ये बॉस्टनमधल्या एका सरकारी हॉस्पिटलात 'रीच आउट अँड रीड' सुरू झालं, बाळाला तपासायला आणलं की डॉक्टर वयाला साजेसं पुस्तक हातात देणार आणि कसं वाचायचं ते आईला दाखवणार. १९९२ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला 'बुकस्टार्ट' सुरू झालं, ३०० बाळांपासून, त्यात लायब्ररी आणि आरोग्य खातं दोघं होते आणि पिशवीत पुस्तकाबरोबर लायब्ररीत यायचं आमंत्रण होतं. १९९५ मध्ये गायिका डॉली पार्टन यांनी टेनेसीतल्या आपल्या सेव्हियर काउंटीसाठी दर महिन्याला टपालाने एक पुस्तक पाठवायला सुरुवात केली, मूल पाच वर्षांचं होईपर्यंत, फुकट. आता ती योजना पाच देशांत आहे, २०२३ मध्ये वाटलेल्या पुस्तकांचा आकडा २० कोटींवर गेला, आणि बऱ्याच गावांत नावनोंदणीचं काम तिथली लायब्ररीच करते. पार्टनबाईंचे वडील शिकलेले नव्हते, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, ही प्रेरणा त्या स्वतः सांगतात.

२०२० चं वर्ष

१७ मार्च २०२० ला अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने लायब्रऱ्या बंद ठेवायची शिफारस केली आणि मग जे काही झालं त्यात आजच्या घरबसल्या उपक्रमांचा साचा तयार झाला. किट आधीही कुठे कुठे होत्या, पण आता मुलांना आत घेताच येत नव्हतं म्हणून त्या सगळीकडे झाल्या, गाडी लायब्ररीसमोर लावायची, फोन करायचा, मास्क लावलेला माणूस पिशवी डिकीत ठेवून जायचा. परत आलेली पुस्तकं काही दिवस बाजूला ठेवून मगच पुढच्याला द्यायची. लायब्ररी बंद पण वायफाय चालू, त्यामुळे रात्री पार्किंगमध्ये गाडीत बसून अभ्यास करणारी मुलंही दिसली.

स्टोरीटाइम व्हिडिओवर गेला आणि एक वेगळीच अडचण आली, पुस्तक वर्गात वाचून दाखवणं वेगळं आणि त्याचा व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकणं वेगळं, तिथे कॉपीराइट येतो. बऱ्याच प्रकाशकांनी तात्पुरती परवानगी दिली, पण अटी होत्या, कुणी म्हणे बंद ग्रुपमध्येच दाखवा, कुणी म्हणे अमुक तारखेनंतर काढून टाका. त्यामुळे त्या वर्षी केलेले असंख्य व्हिडिओ आता सापडतही नाहीत. फोनवरची गोष्ट हा १९७० च्या दशकातला जुना प्रकारही काही ठिकाणी पुन्हा निघाला, नंबर लावा, रेकॉर्ड केलेली गोष्ट ऐका, ना इंटरनेट लागतं ना स्क्रीन.

लायब्रऱ्या उघडल्यावर ऑनलाइन स्टोरीटाइम बऱ्यापैकी आटला पण किट टिकल्या. मला यात आश्चर्य वाटत नाही. व्हिडिओ लावला की मोठा माणूस उठून स्वयंपाकघरात जातो, किट उघडली की त्याला शेजारी बसावंच लागतं.

अजून एक बदल त्याच सुमाराचा. हरवलेल्या आणि उशिरा दिलेल्या पुस्तकांच्या दंडाच्या भीतीने गरीब घरं मुलांना पुस्तकच आणू देत नाहीत हे लक्षात आल्यावर सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०२१ मध्ये उशिराचा दंड बंद केला. पुस्तक हरवलंच तर मात्र त्याची किंमत भरावी लागते.

बडोदा, महाराष्ट्र आणि तिकडे गेलेले आपण

ही अमेरिकन कल्पना आपल्याकडे फार लवकर आली होती. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन लायब्रेरियनला बडोद्यात आणलं आणि संस्थानात गावोगाव मोफत वाचनालयांचं जाळं उभं केलं. त्यात पेट्यांमधून गावाला जाणारी फिरती वाचनालयं होती, आणि बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभागही होता.

महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, पण त्यात लायब्ररीसाठी वेगळा कर नाही. आपली बहुतेक वाचनालयं संस्था चालवतात आणि अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान घेतात, म्हणून सभासदाला अनामत आणि वर्गणी भरावी लागते. अमेरिकेत लायब्ररीचा खर्च मोठ्या प्रमाणात गावातल्या घरांवरच्या करातून येतो, त्यामुळे कार्ड फुकट आणि किटही फुकट. हा फरक पैशांचा आहे, उत्साहाचा नाही, बालविभाग आणि सुट्टीतलं शिबिर आपल्याकडेही अनेक वाचनालयं मन लावून चालवतात. घरापर्यंत जाण्याच्या बाबतीत सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची २००९ पासूनची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना, विनायक रानडे यांच्या कल्पनेतली. शंभर पुस्तकांची पेटी एखाद्या गटाकडे जाते, लोक आपापसात वाचतात, काही महिन्यांनी पेटी बदलते, पैसे देणगीदारांचे. ती पेटी दुबईपर्यंत गेली, मुलांच्या पुस्तकांच्याही पेट्या निघाल्या.

अमेरिकेत नव्याने गेलेल्या मराठी घराला कार्ड काढायचं तर साधारण फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो, घराचं भाडेपत्र किंवा लाइटचं बिल चालतं, आणि मुलाचं वेगळं कार्ड आईबाबांच्या सहीवर निघतं. स्टोरीटाइमला बसायला बहुतेक ठिकाणी कार्डच लागत नाही, म्हणून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा नातवाला घेऊन खुशाल जाऊ शकतात. किटला मात्र काही गावं कार्ड मागतात आणि आधी ऑनलाइन नाव नोंदवायला लावतात, ती नोंदणी कधी उघडते ते लायब्ररीच्या महिन्याच्या कॅलेंडरवर असतं, ते महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांतच बघून ठेवलेलं बरं.