साडेचार वर्षांचा बुलडॉग

‘फ्रेंच बुलडॉगचं आयुर्मान अवघं साडेचार वर्षं’ हा आकडा २०२२ पासून फिरतो आहे. तो कुणी मनाने रचलेला नाही. ब्रिटनमधल्या ३०,५६३ कुत्र्यांच्या मृत्यूनोंदींवरून केलेल्या सारणीत या जातीपुढे ४.५३ हाच आकडा आहे आणि सगळ्या कुत्र्यांचा मिळून ११.२३. गोम अशी, की त्या सारणीत फक्त मेलेली कुत्री आहेत.

एक जात पाचच वर्षांपूर्वी लोकप्रिय झाली असं धरा. तिच्यातली जवळपास सगळी कुत्री आज पाचच्या आतली असणार. अपघात, पार्व्हो हा विषाणूजन्य आजार, जन्मजात दोष यांनी जी मरतील तीही पाचच्या आतलीच. त्यांच्या वयाची सरासरी पाचच्या वर जाऊच शकत नाही, मग उरलेली पुढे बारा वर्षं का जगेनात! फ्रेंच बुलडॉगची ब्रिटनमधली संख्या अलीकडे झपाट्याने वाढली, त्यामुळे हा दोष त्याच्या आकड्यात ठळक उतरला. नव्याने फोफावलेल्या कुठल्याही जातीचं ‘मृत्यूचं सरासरी वय’ वाचताना हीच शंका आधी घ्यावी.

यावरचा उपाय माणसांच्या वैद्यकीय संशोधनात रोज वापरला जातो. वयाच्या प्रत्येक टप्प्यावर किती जिवंत होते आणि त्यातले किती गेले, हे पाहायचं. तिसऱ्या वर्षात शिरलेल्या १,००० कुत्र्यांपैकी वर्षभरात २० मेली, तर त्या वर्षी तगण्याची शक्यता ०.९८. अशी प्रत्येक वर्षाची शक्यता काढून त्यांचा गुणाकार करत जायचं, तो ०.५ वर उतरतो ते वय म्हणजे मध्यक आयुर्मान. जिवंत असलेलं किंवा मधेच नोंदीतून गळालेलं कुत्रं शेवटच्या नोंदीपर्यंत जिवंतांच्या मोजणीत राहतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात जिवंत कुत्री धरून ५,८४,७३४ जणांची माहिती होती. त्यात फ्रेंच बुलडॉगचं मध्यक आयुर्मान ९.८ वर्षं निघालं, सगळ्या कुत्र्यांचं १२.५. म्हणजे चपट्या नाकाच्या या जातीचं आयुष्य कमी आहे हे खरंच, पण साडेचार नव्हे.

तरी एक फरक उरतोच. माणसाच्या मृत्यूची तारीख बहुधा आजार ठरवतो. कुत्र्याची अनेकदा दयामरणाचा निर्णय ठरवतो. तोच कर्करोग एका घरी दोन महिने आधी संपतो, दुसऱ्या घरी नंतर.

आकाराचं कोडं यापेक्षा रंजक आहे. सस्तन प्राण्यांत साधारणपणे मोठी प्रजाती जास्त जगते, पण कुत्र्यांच्या आत उलटं दिसतं. २०१३ मध्ये ७४ जातींच्या मृत्यूनोंदी तपासल्या, तेव्हा दर दोन किलो वजनामागे साधारण महिनाभर आयुष्य कमी होताना दिसलं. थोराड जातींचं म्हातारपण फार लवकर सुरू होत नाही. एकदा सुरू झालं की वेगाने पुढे जातं. आकारातल्या फरकाचा मोठा वाटा आयजीएफ-१ या वाढीच्या संप्रेरकाच्या जनुकाशी जोडलेला आहे, हे २००७ पासून माहीत आहे. इक्वेडोरमधल्या लॅरॉन सिंड्रोम या जनुकीय विकाराच्या ठेंगण्या माणसांत हेच संप्रेरक फार कमी असतं आणि त्यांच्यात कर्करोग व मधुमेह क्वचितच आढळले. पण ती माणसं नातेवाइकांपेक्षा जास्त जगत नाहीत, कारण अपघात आणि इतर कारणांनी दगावतात. वाढ आणि आयुष्य यांचं नातं सरळ रेषेतलं नाही, ते असं.

कुत्र्याची जात बदलता येत नाही, खाणं बदलता येतं. लॅब्राडॉरच्या ४८ पिल्लांच्या २४ जोड्या केल्या होत्या; आठव्या आठवड्यापासून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२, सांधेदुखीचे उपचारही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागले. मात्र यावरून कुणाचंही ताट चतुर्थांशाने कमी करू नये. जास्त खाणारा गट मुळात अंगाने जड होता: नऊ गुणांच्या शरीरस्थिती मापावर सरासरी ६.७, तर दुसरा ४.६. आपलं कुत्रं कुठे बसतं हे हाताने कळतं. छातीवरून हलका तळवा फिरवला की बरगड्या जाणवायला हव्यात आणि वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसायला हवी. बरगड्या शोधायला दाबावं लागत असेल तर आधी खाऊ मोजा, मग जेवण.